हलकं इंजिन, जड रेल्वे

१९५८ साली ब्रिटनच्या रुळांवर दोन नवी डिझेल इंजिनं आली. एक इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं, २००० अश्वशक्तीचं, वजन १३३ टन. दुसरं स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात बांधलेलं, ताकद साधारण तेवढीच, वजन मात्र ७८ टन. फरक ५५ टनांचा. म्हणजे पहिलं इंजिन आपल्या गाडीबरोबर दीड डब्याचं जास्तीचं वजन प्रत्येक चढावर वाहून नेत होतं, आणि त्या वजनाचं तिकीट कुणीच काढलेलं नव्हतं.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा जागचा हललो नाही. माझी सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत, डंपरच्या देखभालीवर गेली. ३५ टनी डंपर म्हणजे डिझेल इंजिन, त्याच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर, मग गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा अ‍ॅक्सल. खाणीच्या तळातून भरलेला डंपर वर चढताना कन्व्हर्टर काय सोसतो ते आम्ही ऑइल टेम्परेचरच्या काट्यावर रोज बघायचो. तेच यंत्र, तीच कल्पना घेऊन कुणीतरी लंडनहून कॉर्नवॉलला जाणारी एक्स्प्रेस ताशी ९० मैलांनी ओढत होतं, आणि पुढे वीस वर्षांच्या आत ती सगळी इंजिनं मोडीत काढली गेली. का, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. निवृत्तीनंतर इंग्लंडमधल्या रेडिंगला मुलीकडे जाणं-येणं सुरू झालं, आणि त्या प्रश्नाच्या मागे लागायला सवडही मिळाली.

आधी यंत्राचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डिझेल इंजिनाला बंद अवस्थेतून एकदम ओझं उचलता येत नाही. ते आधी फिरत असावं लागतं, आणि चाकं तर थांबलेली असतात. फिरतं इंजिन आणि थांबलेली चाकं यांची सांगड घालणारी व्यवस्था म्हणजे ट्रान्समिशन. बहुतेक जगाने विजेचा मार्ग घेतला: इंजिनाने जनरेटर फिरवायचा, त्याच्या विजेवर चाकांजवळच्या मोटरी फिरवायच्या. भारतीय रेल्वेची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं अशीच. मार्ग भरवशाचा, पण तांबं आणि लोखंड खूप लागतं, म्हणून जड.

दुसरा मार्ग तेलाचा. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरायला लागतात. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही चक्रं एका बंद घरात बसवा, आणि मधे तेलाची दिशा वळवणारी स्थिर पाती बसवा. त्या स्थिर पात्यांमुळे मागचं चक्र हळू फिरत असताना त्याला मिळणारा पीळ इंजिनाच्या पिळापेक्षा कितीतरी वाढतो. हा टॉर्क कन्व्हर्टर. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काढला, आणि काढला तो जहाजांसाठी. व्हॉइथ कंपनीने पुढे रेल्वेसाठी त्याचा फार सुंदर वापर केला. एका घरात दोन-तीन वेगवेगळे कन्व्हर्टर बसवायचे, एक कमी वेगाचा, एक मधल्या, एक वरच्या. गिअर बदलायचा म्हणजे एका कन्व्हर्टरमधलं तेल काढून दुसऱ्यात भरायचं. क्लच नाही, दात नाहीत, झटका नाही. मायबाख या जर्मन इंजिन कंपनीची ‘मेकिड्रो’ पद्धत वेगळी होती: एकच कन्व्हर्टर आणि त्याच्या मागे चार गिअरांची यांत्रिक पेटी. तिच्यात गिअर पडताना इंजिनाचा आवाज क्षणभर खाली यायचा.

याचा आणखी एक फायदा रेल्वेवाले सोडून फार कुणी सांगत नाही. विजेच्या मार्गाच्या, म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक, इंजिनात प्रत्येक अ‍ॅक्सलला स्वतंत्र मोटर असते, त्यामुळे ओल्या रुळावर एखादीच चाकजोडी घसरून गरगर फिरू शकते. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या मार्गात, एका बोगीतले (बोगी म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा गाडा, डबा नव्हे) सगळे अ‍ॅक्सल शाफ्टने एकमेकांना बांधलेले. घसरायचं तर सगळ्यांनी मिळून. म्हणून वजन कमी असूनही पकड चांगली. अर्थात त्याची किंमत वर्कशॉपला मोजावी लागायची. एका बोगीतल्या चाकांचे व्यास जुळलेले ठेवावेच लागतात, नाहीतर ती चाकं शाफ्टमधून एकमेकांशीच भांडत बसतात.

युद्धानंतरच्या जर्मनीने हा मार्ग मनापासून धरला. १९५३ साली तिथल्या संघीय रेल्वेकडे क्राउस-माफाय कंपनीची व्ही-२०० इंजिनं आली. प्रत्येकात दोन वेगवान, हलकी डिझेल इंजिनं आणि दोन हायड्रॉलिक ट्रान्समिशन. दोन वर्षांनी, जानेवारी १९५५ मध्ये, ब्रिटिश रेल्वेने आपली आधुनिकीकरणाची योजना जाहीर केली: १२४ कोटी पौंड खर्चून वाफेची इंजिनं काढायची आणि डिझेल, वीज आणायची. बाकीच्या विभागांनी डिझेल-इलेक्ट्रिक घेतली. पश्चिम विभागाने एकट्याने जर्मनीकडे पाहिलं.

पश्चिम विभाग म्हणजे पूर्वीची ग्रेट वेस्टर्न रेल्वे. १९४८ साली राष्ट्रीयीकरण झालं खरं, पण माणसं तीच, कारखाना तोच आणि अभिमानही तोच. याच रेल्वेने आपला अभियंता ब्रुनेल याच्या काळात सात फुटी गेज टाकला आणि बाकी देशाला न जुमानता १८९२ पर्यंत चालवला. चालकाच्या डब्यात सिग्नलची सूचना देणारी यंत्रणा तिने १९०६ पासून बसवायला घेतली होती. राष्ट्रीयीकरणानंतर दोन गॅस टर्बाइन इंजिनंही तिने चालवून पाहिली. त्यामुळे सगळ्यांनी एक केलं तर आपण दुसरं करू, असा नुसता हट्ट त्यामागे होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हट्ट होता, पण हिशोबही होता. त्यांच्या मुख्य मार्गावर डेव्हन परगण्यात न्यूटन अ‍ॅबट ते प्लिमथ दरम्यान डेंटन, रॅटरी, हेमर्डन असे चढ आहेत. डेंटनचा चढ काही ठिकाणी ३६ फुटांत एक फूट, हेमर्डनचा ४२ फुटांत एक. ज्याने आयुष्यभर भरलेली वाहनं चढावर चढवली आहेत त्याला हे लगेच पटेल, की अशा ठिकाणी स्वतःचं वजन कमी असणं ही निम्मी लढाई असते.

स्विंडनला मी मुलीबरोबर गेलो. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच्या एका भागात आता ग्रेट वेस्टर्नचं संग्रहालय आहे, आणि बाकीच्या प्रचंड शेडमध्ये कपड्यांची नि बुटांची दुकानं. वरचे लोखंडी खांब आणि क्रेनचे गर्डर तसेच ठेवलेत. त्या गावात आज गोव्याहून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली माणसं. बसथांब्यावर मागून कोकणी ऐकू आली आणि आम्ही दोघंही वळून बघितलं. त्या शेडमध्ये उभं राहून मी एकच विचार करत होतो. मार्च १९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘इव्हिनिंग स्टार’, याच कारखान्यातून बाहेर पडलं. त्याच वेळी त्याच छपराखाली मायबाख इंजिनांची वॉरशिप, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं ७८ टनी इंजिन, बांधली जात होती. बॉयलरच्या प्लेटला रिव्हेट मारणारे हात आणि हजारांश इंचाच्या फिटिंगचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे जर्मन इंजिन बसवणारे हात एकाच पगारपत्रकावर होते. हे वाचायला छान वाटतं. निभावायला किती कठीण असेल, ते देखभालीतल्या माणसाला विचारा.

वॉरशिप हे नाव ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरून. गंमत अशी की पहिल्या पाच वॉरशिपांना हलकेपणाच मिळाला नाही. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने त्या जुन्या पद्धतीच्या जाड चौकटीवर बांधल्या आणि वजन गेलं ११७ टनांवर. हायड्रॉलिक घेण्याचं मुख्य कारणच त्यात बुडालं. खरी वॉरशिप ती स्विंडनची, डी-८०० पासूनची. जर्मनीकडून व्ही-२००चा परवाना आणि रेखाचित्रं घेऊन, ब्रिटिश बोगद्यांच्या आणि पुलांच्या अरुंद मापात ती कोंबून बसवलेली. पत्र्याच्या सालीनेच भार पेलायचा, अशी विमानासारखी बांधणी. पहिलीला नाव दिलं रेल्वेवर हुकमत असलेल्या परिवहन आयोगाच्या अध्यक्षांचं, ‘सर ब्रायन रॉबर्टसन’. तशाच आणखी ३३ नॉर्थ ब्रिटिशने बांधल्या, पण त्यात मायबाखऐवजी एम.ए.एन. या दुसऱ्या जर्मन कंपनीची इंजिनं आणि मेकिड्रोऐवजी व्हॉइथ. बाहेरून एक, आतून दोन जाती.

त्यानंतर १९६१ मध्ये मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कंपनीचं हायमेक आलं. माझं हे विशेष आवडतं. एकच मायबाख इंजिन, १७०० अश्वशक्ती, ७५ टनांच्या आसपास वजन, आणि इतका नेटका, प्रमाणबद्ध चेहरा की आज साठ वर्षांनीही तो जुना वाटत नाही. १०१ बांधली. सर्व हायड्रॉलिकांमध्ये हे सगळ्यात कमी कटकटीचं मानलं गेलं, आणि एकाच इंजिनाचा सुटसुटीतपणा हे त्याचं कारण, असं माझं मत आहे.

आणि मग वेस्टर्न. डी-१००० ते डी-१०७३, एकूण ७४, काही स्विंडनला आणि काही क्रू गावच्या कारखान्यात बांधलेली. दोन मायबाख इंजिनं, प्रत्येकी १३५० अश्वशक्तीची, व्हॉइथ ट्रान्समिशन, सहाही अ‍ॅक्सल चालते, वजन १०८ टन. तिचं रूप ठरवलं मिशा ब्लॅक या डिझाइनरने. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातल्या रस्त्यांच्या पांढऱ्या नावपाट्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांनी याच माणसाचं काम पाहिलं आहे. इंजिनाचं कपाळ किंचित पुढे झुकलेलं, काचा आत घेतलेल्या, बाजू सरळ आणि स्वच्छ. पहिल्या ‘वेस्टर्न एन्टरप्राइझ’ला वाळवंटी वाळूचा रंग दिला होता, ‘वेस्टर्न चँपियन’ला सोनेरी गेरूचा. नावं आणि नंबर रंगवलेले नाहीत, ओतीव धातूच्या पाट्यांचे. या नंबरपाट्यांचा संदर्भ पुढे येईल.

एवढं सगळं जमून आलं होतं, तर मग बिघडलं कुठे?

सरळ उत्तर देणारे म्हणतात की यंत्रं सारखी बंद पडायची. पडायचीच. वॉरशिप वेगात डुलायला लागायची, म्हणून तिचा वेग ८० मैलांवर आणावा लागला. नॉर्थ ब्रिटिशच्या एम.ए.एन. इंजिनांनी सगळ्यांनाच छळलं. चाकांकडे फिरकी नेणाऱ्या दांड्यांनी, म्हणजे कार्डन शाफ्टनी, त्रास दिला. पण नव्या यंत्राची पहिली पाच वर्षं अशीच असतात. त्याच काळातली कित्येक डिझेल-इलेक्ट्रिकही तेवढीच वाईट होती आणि त्यातली काही तर हायड्रॉलिकच्याही आधी भंगारात गेली. माझ्या मते खरं कारण गोदामात शोधायला हवं. सात प्रकारची मिळून ३६५ इंजिनं. त्यांच्यासाठी मायबाख, एम.ए.एन. आणि ब्रिटिश पॅक्समन असे तीन घराण्यांचे इंजिनमेक, व्हॉइथ आणि मेकिड्रो असे दोन ट्रान्समिशन. एकाचा पार्ट दुसऱ्याला चालत नाही. जर्मनांनी व्ही-२०० आखतानाच ठरवलं होतं की मायबाख, एम.ए.एन. किंवा डायमलर-बेंझ, यातलं कुठलंही इंजिन त्याच जागेत बसलं पाहिजे. एक इंजिन उतरवलं की कपाटात असेल ते दुसरं चढवायचं. ब्रिटनने जर्मनांचं इंजिन घेतलं, त्यांची ही शिस्त घेतली नाही. ज्याने ब्रेकडाउन झालेलं मशीन फक्त एका सीलसाठी आठवडाभर उभं राहिलेलं पाहिलंय त्याला यापुढे काही सांगायला नको.

तरीही मला वाटतं, याच्याही खाली आणखी एक कारण आहे. इंजिन हलकं झालं, पण त्याच्यामागची रेल्वे जडच राहिली.

मालगाड्यांचंच घ्या. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात बहुतेक मालडब्यांना इंजिनातून लागणारे ब्रेकच नव्हते. साखळीने जोडलेले सुटे डबे, पुढे इंजिनाचा ब्रेक, आणि अगदी शेवटी गार्डच्या डब्यातला हातब्रेक. अशी गाडी उतारावर रोखायची ती इंजिनाच्या स्वतःच्या वजनाने. आता ७८ टनांचं इंजिन आपल्या ताकदीने ती गाडी ओढायला सहज पुरं पडतं, पण थांबवायला पुरं पडत नाही. चढावर जे वजन नको होतं तेच उतारावर हवं होतं. हे वाचताना मला खाणीतला भरलेला उतार आठवला. आमच्याकडे नवीन ऑपरेटरला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की गाडी किती ओढते हे नंतर विचार, आधी ती कशी थांबते ते बघ.

मग डब्यांची ऊब. तिथल्या थंडीत गाडी गरम ठेवण्यासाठी वाफेच्या काळापासून डब्यांखालून वाफेचे पाइप असत, म्हणून डिझेल इंजिनातही एक छोटा बॉयलर बसवावा लागे. १९६०च्या दशकात रेल्वेने ठरवलं की यापुढे डबे विजेने गरम करायचे, आणि पुढे वातानुकूलित डबे आले. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये मोठा जनरेटर आधीच असल्याने थोडी वीज मागे पाठवणं सोपं होतं. हायड्रॉलिकमध्ये तो जनरेटर टाळणं हाच तर सगळा मुद्दा होता. ज्या गोष्टीचं वजन वाचवलं तिचीच नंतर गरज पडली.

तिसरी गोष्ट काळाची. १९५५ मध्ये हलकेपणात हायड्रॉलिक कितीतरी पुढे होतं. १९६२ मध्ये ब्रश कंपनीने २७५० अश्वशक्तीचं डिझेल-इलेक्ट्रिक ११७ टनांत करून दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आपल्याकडे पहिली डब्ल्यूडीएम-२ उतरली, २६०० अश्वशक्ती, साधारण ११३ टन. म्हणजे वेस्टर्न कारखान्यातून बाहेर पडत होती तेव्हाच तिच्या हलकेपणाचा भाव उतरला होता. ब्रशची ती इंजिनं पुढे ५१२ बांधली गेली. ५१२ एकसारख्या इंजिनांपुढे ७४ वेस्टर्न कुठल्या हिशोबात टिकणार? १९६७ मध्ये रेल्वेने ठरवलं की कमी संख्येचे प्रकार आधी काढायचे, आणि हायड्रॉलिक त्यात आलीच.

पण त्यांच्या पदरात एक श्रेय टाकायला हवं. १९६५ संपताना पश्चिम विभागाने वाफ पूर्णपणे थांबवली, देशातल्या सर्व विभागांत सर्वात आधी. बाकी ब्रिटनमध्ये ती ऑगस्ट १९६८ पर्यंत चालली. ज्या इंजिनांना आज ‘फसलेला प्रयोग’ म्हणतात त्यांच्याच जिवावर हे झालं.

सगळ्यात चटका लावतं ते सर्वात छोट्या इंजिनाचं नशीब. १९६४-६५ मध्ये स्विंडनने ६५० अश्वशक्तीची ५६ छोटी इंजिनं बांधली, गावोगावच्या फाट्यांवरची किरकोळ मालवाहतूक करायला. पूर्वी याच कारखान्याने ‘ग्रेट बेअर’ नावाचं अवाढव्य वाफेचं इंजिन बांधलं होतं. ते आठवून शॉपच्या फोरमनने म्हटलं की आता आपण टेडी बेअर बांधतोय, आणि तेच नाव चिकटलं. पण तोपर्यंत रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालानुसार फाटेच बंद होत होते, आणि छोटा माल ट्रकवर गेला होता. इंजिनं तयार झाली आणि काम संपलं. चार-पाच वर्षांत रेल्वेने ती विकायला काढली. घेतली कुणी? राष्ट्रीय कोळसा मंडळाने, ईशान्येकडच्या अ‍ॅशिंग्टनसारख्या खाणींसाठी, आणि कॉर्बीच्या लोखंड कारखान्याने आपल्या खनिज खाणींसाठी. तिथे, जिथे वेग लागत नाही, जिथे तासन् तास ओढायचं आणि ढकलायचं असतं, तिथे ती रेल्वेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालली. त्यातली १९ आजही जतन केलेली आहेत. खाणीत कन्व्हर्टर चांगला टिकतो, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मोठ्यांचा शेवट झपाट्याने झाला. ग्लासगोच्या पहिल्या पाच वॉरशिप डिसेंबर १९६७ मध्ये, बाकीच्या १९७२ अखेर. नॉर्थ ब्रिटिशचंच धाकटं भावंड असलेली डी-६३०० मालिका, ५८ इंजिनं, एकही शिल्लक न राहता नाहीशी झाली. हायमेक १९७५ पर्यंत. वेस्टर्न तेवढ्या राहिल्या. आणि इथे त्या ओतीव नंबरपाट्या. १९७३ मध्ये ब्रिटिश रेल्वेने सगळ्या इंजिनांना संगणकी नोंदीसाठी नवे नंबर दिले. ती संगणक प्रणाली अमेरिकेच्या सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून घेतलेली. हायड्रॉलिकांना त्या प्रणालीत वर्ग मिळाला, वेस्टर्नचा वर्ग ५२, पण नवा नंबर एकाही हायड्रॉलिकवर कधी लागला नाही. जाणारच आहेत, तर पाट्या बदलायच्या कशाला! योगायोग बघा, याच सदर्न पॅसिफिकने १९६१ मध्ये क्राउस-माफायकडून ४००० अश्वशक्तीची डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं घेऊन पाहिली होती, आणि थोड्याच वर्षांत काढूनही टाकली होती. त्यातलं एक कॅलिफोर्नियात जपलेलं आहे.

२६ फेब्रुवारी १९७७. ‘वेस्टर्न रेंजर’ आणि ‘वेस्टर्न फ्युझिलियर’ या दोघींनी शेवटची खास गाडी ओढली. प्लॅटफॉर्मवर, पुलांवर, शेतांच्या कडेला माणसं उभी होती. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवर हायड्रॉलिक इंजिन राहिलं नाही.

त्याच्या पाचच महिने आधी, ऑक्टोबर १९७६ मध्ये, पश्चिम विभागाच्याच लंडनमधल्या पॅडिंग्टन स्थानकातून नवी हायस्पीड ट्रेन सुरू झाली होती, ताशी १२५ मैलांची. तिच्या दोन्ही टोकांना एकेक पॉवर कार, प्रत्येकीत २२५० अश्वशक्तीचं, मिनिटाला १५०० फेरे घेणारं इंजिन, वजन फक्त ७० टन. वेगवान हलकं इंजिन, दोन इंजिनांत वाटलेली ताकद, रुळावर कमीत कमी भार. पश्चिम विभाग १९५५ पासून हेच तर म्हणत होता. ट्रान्समिशन तेवढं विजेचं. आणि ते इंजिन कुठलं, तर पॅक्समनचं व्हॅलेंटा, म्हणजे पॅक्समनच्याच व्हेंच्युराची पुढची पिढी. व्हेंच्युरा बसवलेली वॉरशिप एकच होती, ‘मॅजेस्टिक’, डी-८३०. टेडी बेअरमध्येही तेच घराणं. जुन्यांना भंगारात काढलं तरी त्यांच्यावर घेतलेला अनुभव भंगारात गेला नव्हता.

वेस्टर्न आजही बघायला मिळते. सात वाचल्या. ‘फ्युझिलियर’ राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीची आहे. ‘चँपियन’ला हौशी मंडळींनी इतकं नीट दुरुस्त केलं की २००२ पासून ती पुन्हा मुख्य मार्गावर धावली. मी पाहिली ती जुन्या गाड्या जपणाऱ्या सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर, किडरमिन्स्टरला, जिथे ‘रेंजर’ आणि ‘कुरियर’ यांचं घर आहे. त्या दिवशी डिझेल गाला, म्हणजे जुन्या डिझेल इंजिनांची जत्रा होती. डेपोत एक वयस्क गृहस्थ बॉयलर सूट घालून बोगीपाशी गुडघ्यावर बसले होते. आत्ताच फेरी करून आलेल्या इंजिनाच्या प्रत्येक अ‍ॅक्सलच्या गिअरकेसवर ते तळहात ठेवत पुढे सरकत होते. मी थांबून बघत राहिलो. ते वळले, मी विचारलं, “एखादी जास्त गरम लागते का?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाजूला सरकून म्हणाले, “तुम्हीच बघा.” मी हात ठेवला. सहाही सारख्याच कोमट. मग त्यांनी ट्रान्समिशनचं तेल, कूलर, कार्डन शाफ्टचे क्रॉस आणि ग्रीसिंगचे तास यावर अर्धा तास घेतला. मुलीने दोनदा घड्याळ पाहिलं. हे गृहस्थ बँकेत नोकरीला होते आणि इंजिनाचं काम शनिवार-रविवारी शिकले. तेलात बुडालेला माणूस पगारासाठीच बुडालेला असला पाहिजे असं काही नाही.

संध्याकाळी त्याच इंजिनामागे बसून ब्रिजनॉर्थपर्यंत गेलो. गाडी सुटताना काय होतं ते सांगतो. आधी दोन्ही मायबाखचा आवाज चढतो. गाडी जागेवरच असते. मग कन्व्हर्टर भरतो, आवाज किंचित दबतो, आणि डबा हलतो तो अजिबात हिसका न देता. गरम ट्रान्समिशन ऑइलचा वास खिडकीतून आत आला. तो वास मी तीस वर्षं कपड्यांतून घरी आणला होता आणि बायको त्यावरून रोज बोलायची. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीला मी एवढंच म्हटलं, “ओळखलास?” ती हसली.

ज्या कंपन्यांनी ही इंजिनं बांधली त्यांचीही गोष्ट संपली. नॉर्थ ब्रिटिश १९६२ मध्ये बुडाली, बेयर पीकॉकचा कारखाना १९६६ मध्ये बंद झाला. दोन्ही नावं भारतीय रेल्वेला परकी नाहीत. बंगाल-नागपूर रेल्वेची गॅरट जातीची वाफेची इंजिनं बेयर पीकॉकच्या घराण्यातली. आणि नॉर्थ ब्रिटिशने तर १९५५-५६ मध्येच, म्हणजे वॉरशिपच्याही आधी, भारतासाठी मीटर गेजची २० डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं बांधली होती. वायडीएम-१. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवणं जिथे जिवावर यायचं त्या कच्छात, गांधीधामच्या शेडमध्ये ती राहिली. हायड्रॉलिक इंजिनाची बाजू मांडायला ती जागा डेव्हनच्या चढांइतकीच चांगली होती.

आता शेवटचं. मुलीकडे असताना एकदा एक्सेटरहून समुद्राकडे जाणाऱ्या लोकल गाडीत बसलो. दोन डब्यांची साधी डिझेल गाडी, १९८०च्या दशकात बांधलेली, वर्ग १५०. प्रत्येक डब्याखाली एक छोटं इंजिन. गाडी सुटताना आवाज आधी चढला, मग डबा हिसक्याशिवाय हलला, आणि वेग वाढत गेल्यावर मधेच आवाज अलगद बदलला. मी मुलीला म्हटलं, हे व्हॉइथ आहे. घरी येऊन तपासलं, व्हॉइथच होतं. तशा शेकडो गाड्या ब्रिटनमध्ये धावतात. तिथे मागे सुटे मालडबे नाहीत, बॉयलर नाही, दुसऱ्याच्या डब्यांना वीज द्यायची नाही. इंजिनही हलकं आणि गाडीही हलकी. त्या गाडीत माझ्यासमोर शाळेची मुलं बसली होती, एक बाई भाजीची पिशवी घेऊन डॉलिशला उतरल्या, आणि गाडी समुद्राच्या भिंतीलगत त्याच रुळांवरून पुढे निघाली, ज्यांवरून एकेकाळी वॉरशिप ‘कॉर्निश रिव्हिएरा’ एक्स्प्रेस घेऊन जायच्या.